अंघोळ कोणी घातली

माझे वडील वारल्यानंतर बरीच वर्षं मला इथे जर्मनीत, नेकारसुल्ममध्ये दिसायचे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण नवऱ्याने लगेच मला हिमोग्लोबिन तपासून घ्यायला लावलं असतं. ट्रामच्या थांब्यावर राखाडी स्वेटरमधला एक पाठमोरा माणूस उभा असायचा, एक खांदा जरा उतरलेला, बगलेत छत्री. मी भराभर पावलं उचलायची, आणि तो वळला की कुठले तरी जर्मन आजोबा निघायचे. कधी जिन्यात खोकला ऐकू यायचा. खालच्या मजल्यावर एक म्हातारे राहतात हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी दार उघडून बघितल्याशिवाय राहवायचं नाही.

ते नाशिकला गेले, सकाळी दूध तापवता तापवता. फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघाले होते. मी येईपर्यंत ठेवा, म्हटलं. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, मे महिना आहे." त्याचं काही चुकलं नव्हतं. मी फ्रँकफर्टच्या विमानतळावर पोचेपर्यंत तिकडे सगळं आटोपलं होतं. एका चुलतभावाने व्हिडिओ कॉल लावून फोन उंच धरला होता. त्यात मला लोकांच्या पाठी दिसल्या, एक हार दिसला, आणि मग चित्र अडकलं ते अडकलंच. चेहरा दिसला नाही. भावावर माझा राग राहिला. बोलून दाखवण्यासारखा नव्हता, म्हणून जास्तच राहिला. अंघोळ घालणं, खांदा देणं, अग्नी देणं, सगळं त्याला मिळालं, असं मी मनात धरून बसले.

मुलगी तेव्हा बालवाडीत होती. ती नववीत गेली आणि शाळेने पालकांना बोलावलं. इथे नववीतल्या मुलांना दोन आठवडे खऱ्या कामाच्या जागी जाऊन काम करावं लागतं, त्याला प्राक्टिकुम म्हणतात. जागा मुलांनीच शोधायची, फोन मुलांनीच करायचा, आणि परत आल्यावर वर्गापुढे उभं राहून सांगायचं की शाळेतला कुठला विषय तिथे कुठे कामाला आला. त्याच्या तयारीसाठी पालकांपैकी कोण वर्गात येऊन आपल्या कामाबद्दल बोलेल, असं शिक्षिकेने विचारलं. हात वर करायची मला जुनी खोड आहे.

मी गाडीच्या दारांच्या बिजागऱ्या डिझाइन करते. पिशवीतून एक बिजागरी घेऊन गेले, फळ्यावर त्रिकोण काढला, आणि दार कुठल्या कोनात अडकतं ते दाखवलं. साइन-कोसाइन खरंच कोणी वापरतं का, असं मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं. मी म्हटलं, "दार उघडतेस तेव्हा तूच वापरतेस." बोलले जर्मनमध्ये, पण वाक्य माझं नव्हतं. वडील पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग शिकवायचे. ते हेच म्हणायचे आणि मग खडू फळ्यावर टकटक आपटायचे. माझ्याही हातातला खडू फळ्यावर आपटला होता. आता वळलं तर ते दाराशी उभे असणार, असं इतकं खात्रीने वाटलं की मी तास संपेपर्यंत फळ्याकडेच तोंड करून बोलत राहिले. मुलांना वाटलं असेल, इंजिनियर लोक असेच असतात.

जाताना मी मुलांना एक सल्ला दिला. आईबाप काय म्हणतात ते सोडा, ज्या गोष्टीचा विचार डोक्यातून जात नाही तिथे जाऊन बघा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! घरी मी लेकीची जागा कधीच पक्की करून ठेवली होती, गाड्यांच्या कारखान्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडे, चाचणी विभागात. तिला विचारलंही नव्हतं. आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर त्या महिन्यात प्राक्टिकुमच्या जागा स्थळांसारख्या सुचवल्या जात होत्या, आणि मला मिळालेलं स्थळ सगळ्यांत चांगलं होतं.

लेकीने जेवताना सांगितलं की तिने जागा शोधली आहे. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते, त्यामुळे पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाईंना मला ते भाषांतर करून सांगावं लागलं. गावात अंत्यसंस्काराची सगळी व्यवस्था करणारी एक बाई होती. इथे तो रीतसर शिकायचा व्यवसाय आहे, परीक्षा असते, प्रमाणपत्र मिळतं. लेक तिच्याकडे जाणार होती.

सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "अगं, प्रेताच्या दुकानात? शिकायला?"

मी नाही म्हणून टाकलं. लेकीने कारण विचारलं. चाचणी विभागाचं बोलले, तुझं फिजिक्स किती छान आहे ते बोलले. मग ती म्हणाली, ज्या गोष्टीचा विचार जात नाही तिथे जा, असं तू आमच्या अख्ख्या वर्गाला सांगितलंस. माझ्या डोक्यातून ही जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंना भेटायला गेले. खरं सांगायचं तर, त्यांनीच नाही म्हणावं म्हणून गेले. पुढची खोली फर्निचरच्या दुकानासारखी होती. बाई पन्नाशीच्या, जाडजूड, कानावर पेन्सिल खोचलेली. पंधरा वर्षांच्या मुलीला तुम्ही काय काम देणार, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. त्या म्हणाल्या, शवपेटीला आतून कापड लावणं, उशीत लाकडाचा भुसा भरणं, घरचे लोक येतात तेव्हा गप्प बसून ऐकणं. मागच्या खोलीत, जिथे मृतांना अंघोळ घालून कपडे चढवतात, तिथे ती स्वतःहून मागेल आणि तुम्ही आई म्हणून हो म्हणाल तेव्हाच. मग त्या सांगत होत्या की इथे घाई नसते. काही दिवस माणूस तिथे असतं, घरच्यांनी यावं, बसावं, हवं तर पुन्हा यावं. पण पुष्कळ जण बघायला नको म्हणतात.

"जे बघत नाहीत," त्या म्हणाल्या, "ते मग फार दिवस शोधत राहतात."

त्यांना माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. मी नकार घ्यायला गेले होते आणि होकार देऊन बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या बेकरीच्या भिंतीला टेकून मी रडले, पाव घ्यायला आलेल्या लोकांसमोर. मला वडिलांना एकदा बघायचं होतं. बाकी काही नको होतं.

प्राक्टिकुम सुरू झालं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी नियम घातला: दारातून थेट बाथरूम, डोक्यावरून अंघोळ, तोवर कशाला शिवायचं नाही. आता ठिणगी पडणार म्हणून मी पदर खोचून तयार राहिले. लेक म्हणाली, गेनाऊ, अगदी बरोबर, तिथल्या बाईंचाही हाच नियम आहे. सासूबाई खूश झाल्या. बघ, त्यांनाही कळतं, म्हणाल्या. रोज संध्याकाळी ओल्या केसांनी ती जेवायला बसायची आणि आम्ही दोघी तिच्याकडे चोरून बघायचो. आपल्या घरातून रोज कोणी तरी तिकडे जाऊन येतंय, ही गोष्ट मनातून हलत नव्हती. त्या दिवसांत वडील मला थांब्यावर दिसेनासे झाले. बरं वाटायला हवं होतं. उलट ते आता तिला दिसत असतील, असं वाटून माझा जीव वरखाली व्हायचा.

दुसऱ्या आठवड्यात तिने मागची खोली मागितली. मी हो म्हटलं आणि दिवसभर कामात एक रेघ धड मारू शकले नाही. लवकर घरी आले. ती अंघोळ करून वर्गात दाखवायच्या तक्त्यावर शीर्षक रंगवत बसली होती. मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं. एक आजोबा होते. तिने फक्त टॉवेल आणि कंगवा धरला. बाई त्यांच्याशी सारखं बोलत होत्या. आता मी तुमचा डावा हात धुते. आता पाणी जरा गार लागेल. आता मान उचलते. मेलेल्या माणसाला सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, ही त्या कामातली पहिली शिकवण.

"आपल्या आजोबांना कोणी अंघोळ घातली?" तिने विचारलं. जर्मनमध्येच विचारलं, पण मला ते थेट मराठीत लागलं.

मामाने, मी म्हटलं. तिने विचारलं, त्याने सांगितलं का त्यांना, डावा हात धुतोय म्हणून?

मी तिच्यासमोरच भावाला फोन लावला. नाशिकला जेवणं आटोपली होती. लेक काय काम करतेय ते मी त्याला सांगितलं, बाई कशा बोलतात ते सांगितलं, आणि इतक्या वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"मी नव्हतो आत," तो म्हणाला. "मला नाही जमलं, ताई. शेजारच्या काकांनी आणि सोसायटीतल्या दोघांनी घातली. मी जिन्यात बसलो होतो."

नंतर त्याला बाबांच्या तोंडाकडे शेवटचं बघायला सांगितलं, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते. खांदा दिला तोही खाली बघत. मी केव्हा तरी विचारेन म्हणून तो भीत होता, आणि विचारत का नाही म्हणूनही. पॉलिटेक्निकच्या रस्त्याने तो अजून जात नाही, म्हणाला. तिथे फाटकापाशी बाबा छत्री घेऊन उभे असतात.

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. धरून बसावं असं त्यात काही उरलंच नव्हतं. मलाही दिसतात, मी म्हटलं. मग आम्ही दोघं फोनवर रडलो. सासूबाई पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवून आत गेल्या.

थोड्या वेळाने भाऊ म्हणाला, "तिला विचार ना. बाबांना आत्ता सांगितलं तर चालतं का? म्हणजे आपण दोघांनी. डावा हात, उजवा हात, असं."

मी लेकीला विचारलं. ती हसली नाही. हातातलं स्केचपेन बंद करून तिने नीट विचार केला. मग म्हणाली, हे तिला अजून शिकवलेलं नाही, उद्या बाईंना विचारून सांगेल.

मी भावाला तसं कळवलं. बरं, म्हणाला, विचारू दे. आणि आम्ही दोघं चाळिशीतली भावंडं, प्राक्टिकुमला जाणाऱ्या एका पोरीच्या उत्तराची खरोखर वाट बघत राहिलो.