दोन गावांचं एकच ग्रहण

त्या वर्षी दिवाळीत लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मध्ये एक रिकामा दिवस आला होता, कारण त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत ग्रहणापेक्षा जास्त हळहळ याची होती, की फराळाचे डबे भरलेले आणि दिवसभर हात लावायचा नाही. मला असल्या गोष्टींचा जन्माचा राग आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. ग्रहण आलं की मुलांना मैदानावर काढते, काळे चष्मे वाटते, सूर्य दाखवते आणि त्यांच्यादेखत मुद्दाम बिस्कीट खाते. मग पालकांच्या तक्रारी येतात. येऊ देत.

पण त्या दिवाळीत माझी मुलगी युक्रेनमध्ये होती.

तिचं डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष. शेजारच्या देशाचं सैन्य आत घुसलं तेव्हा ती बाकीच्या मुलांबरोबर सीमा ओलांडून घरी आली होती. उन्हाळाभर आमच्या ओट्याशी उभी राहून मोबाइलवर लेक्चरं ऐकायची आणि मला भाजी चिरून द्यायची. गणपती गेले आणि एक दिवस म्हणाली, मी परत जातेय. प्रत्यक्ष पेशंट तपासल्याशिवाय पदवी नाही, आणि नुसत्या ऑनलाइन पदवीला इथे कुत्रं विचारत नाही, हे तिचं म्हणणं. मी भांडले, रडले, अबोला धरला. तिचे बाबा अंबडच्या एका कारखान्यात आहेत आणि आम्हा मायलेकींच्या भांडणात पडण्यापेक्षा त्यांना डबल ड्यूटी परवडते. त्यांनी गुपचूप तिच्यासाठी जाड मोजे आणि लोकरीची टोपी आणून ठेवली. ती गेली. तिचं शहर पश्चिमेकडे, लढाईपासून लांब. एका म्हाताऱ्या बाईच्या घरी खोली घेतली होती.

आणि ती पोचते न पोचते तोच अणुबॉम्बची भाषा सुरू झाली.

टीव्हीवर एक माणूस रोज नकाशासमोर उभा राहायचा आणि गावांवर लाल वर्तुळं काढायचा. लहान बॉम्ब टाकला तर एवढं, मोठा टाकला तर एवढं. तिचं शहर कधी वर्तुळाच्या आत यायचं, कधी बाहेर. मी टीव्ही बंद केला तरी खालच्या मजल्यावरून त्याचा आवाज यायचा.

लोक मला विचारायचे, "काय हो, पडणार का?" पाऊस पडणार का विचारावं तसं. भाजीवाली मेथीची जुडी देता देता विचारायची. तिचा मळा गंगापूर रोडला होता आणि तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, की बॉम्ब पडला तर माल बाहेर जायचा थांबेल का. वरच्या मजल्यावरचे निवृत्त काका वाऱ्यांचा अभ्यास करून आले आणि मला म्हणाले, "मॅडम, मध्ये हिमालय आडवा आहे. काही काळजी करू नका." माझी पोर हिमालयाच्या पलीकडे आणि हे मला सांगतायत काळजी करू नका! आयोडीनचं मीठ खाल्लं की किरणं बाधत नाहीत असा मेसेज फिरला, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या एकीने वर्षाचं मीठ भरून ठेवलं. आधी हे सगळं हसत हसत चालायचं. मग हळूहळू मी लिफ्टमध्ये शिरले की बोलणं थांबायला लागलं. दार बंद व्हायचं आणि सगळे वर जाणाऱ्या आकड्यांकडे बघत राहायचे. मला ती शांतता त्या लाल वर्तुळांपेक्षा वाईट वाटायची.

तिकडे मात्र चेष्टा चालली होती. तिच्या एका प्राध्यापकांनी जाहीर केलं होतं, की बॉम्ब पडला तरी तोंडी परीक्षा ठरल्या दिवशीच होईल. मैत्रिणी म्हणे केस कापून घ्यायला रांगा लावत होत्या, मरायचंच तर नीट दिसून मरू. घरमालकीण बाई हिवाळ्यासाठी काकड्या बरण्यांत भरत होती. हे सगळं ती मला व्हिडिओ कॉलवर खिदळत सांगायची आणि मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटायच्या.

दिवाळीच्या आधी आम्ही चकल्या करत होतो तेव्हा तिचा असाच फोन आला. सासूबाई सोऱ्या धरून बसल्या होत्या. त्या चांदवडच्या. सगळं आयुष्य कांद्याच्या शेतात गेलं आणि म्हातारपणी आमच्या फ्लॅटमध्ये आल्या. नातीवर त्यांचा भारी जीव. कॉलेजने बॉम्ब पडल्यास काय करायचं याच्या सूचना पाठवल्या होत्या, त्या ती आम्हाला मराठी करून वाचून दाखवायला लागली. खिडक्या-दारं बंद करायची. अन्न आणि पाणी झाकून ठेवायचं. बाहेर पडायचं नाही. बाहेरून आलं की कपडे दाराशीच काढायचे, डोक्यावरून अंघोळ करायची. उघडं राहिलेलं अन्न फेकून द्यायचं.

सासूबाईंचा हात थांबला. "हे तर गिराणच की गं," त्या म्हणाल्या.

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. "पाण्यावर तुळशीचं पान ठेव म्हनावं तिला."

"आजी, इथे तुळस कुठली! शेपू आहे भरपूर. शेपू चालेल का?"

सासूबाईंनी खरोखर विचार केला. "नाय चालायचा," त्या म्हणाल्या, "पन ठेव."

ती हसून लोटपोट झाली आणि पाण्याच्या बरणीवर शेपूची काडी ठेवून आम्हाला दाखवली. फोन ठेवल्यावर सासूबाईंनी पुन्हा सोऱ्या उचलला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गिराणाला टाइम तरी अस्तो. कधी लागनार, कधी सुटनार, पंचांगात लिवलेलं हाय. ह्याला नुसतेच वेध." मी कढईखालचा गॅस बारीक केला.

मग तो ग्रहणाचा दिवस. सकाळीच बातमी आली, की सरकारने तिथल्या सगळ्या भारतीयांना ताबडतोब देश सोडायला सांगितलंय. मुलांनी मिळून एक बस ठरवली होती. ती तिथल्या दुपारी चौकातून निघणार आणि रात्रीपर्यंत सीमा ओलांडणार. मी फोन लावला.

"निघ," मी म्हणाले.

"बघते."

"बघते नाही. निघ. बॅग राहू दे, पुस्तकं राहू दे, फक्त बसमध्ये बस."

"आई, पुढच्या आठवड्यात माझी—" आणि पलीकडची वीज गेली. तिथे तेव्हा वीजघरांवर मारा चालला होता आणि वीज गेली की थोड्या वेळाने नेटवर्कही जायचं. त्यानंतर फोन लागेना.

घरात सासूबाईंचे पहाटेपासून वेध. पाण्याचा थेंबही नाही. शुगरचा आजार, वय झालेलं, म्हाताऱ्या माणसाला शास्त्रानेच सूट दिलीय असं त्यांच्या मुलाने परोपरीने सांगून पाहिलं. त्या दिवशीचं ग्रहण आणखी वाईट जातीचं होतं. आमच्याकडे सूर्य ग्रहणातच मावळणार होता. म्हणजे सुटलेलं बिंब दिसणार दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि ते डोळ्यांनी दिसल्याशिवाय त्या काही घेणार नव्हत्या. "पोर तिकडं अडाकलीय आन मी पानी पिऊ व्हय," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. दुपारपर्यंत त्यांचे ओठ सुकून पांढरे झाले होते.

चहाच्या वेळेला तिथल्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर एक फोटो आला. बस. सगळी पोरं दाटीवाटीने बसलेली, अंगठे वर केलेले. खाली एका आईने लिहिलं होतं, "निघाली एकदाची! तुमची कुठे बसलीय?" मी फोटो मोठा करून एकेक चेहरा बघितला. मागच्या सीटवरच्या टोप्यासुद्धा बघितल्या. नवऱ्याने चष्मा लावून बघितलं. ती नव्हती.

मला घरात बसवेना. कपाटातून शाळेचा काळा चष्मा घेतला आणि खाली उतरले.

ग्रहण नुकतं लागलं होतं. इतकी वर्षं ग्रहणाच्या वेळी मी मैदानावर, मुलांच्या गलक्यात असायची, त्यामुळे ग्रहणातली आपली वस्ती मी कधी बघितलीच नव्हती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दिवाळी असून दुकानांची शटरं खाली. आदल्या संध्याकाळच्या फटाक्यांचे लाल कागद सगळीकडे पसरलेले, ते झाडायलाही कोणी आलं नव्हतं. इमारतीमागून इमारती, सगळ्यांच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि आत माणसं आहेत हे माहीत असूनही कुठून भांड्याचासुद्धा आवाज नाही. तळमजल्यावर एकांची सून गरोदर होती, तिला सकाळपासून एका जागी बसवून ठेवलं होतं. काचेमागून ती माझ्याकडे बघत होती. मी हात केला, तिने केला नाही. हलायचं नाही असं सांगितलेलं असणार.

समोरच्या पांढऱ्या भिंतीवर झाडाच्या पानांतून उन्हाचे कवडसे पडले होते आणि प्रत्येक कवडशाचा एका बाजूने चावा घेतलेला होता. हे मी पोरांना दरवेळी कौतुकाने दाखवते. त्या दिवशी ते शेकडो उष्टे सूर्य भिंतीवर थरथरत होते. बॉम्ब पडल्यावर गाव असंच दिसेल, मला वाटलं. असंच ऊन असेल. सगळे असेच शहाण्यासारखे दारं लावून, पाणी झाकून, कोणीतरी सुटलं म्हणेल म्हणून वाट बघत बसतील. आणि म्हणणारं कोणी नसेल. मी आयुष्यात पहिल्यांदा ग्रहणाला भ्याले आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

सूर्य पांडवलेण्याच्या डोंगराकडे उतरला. चष्मा लावून बघितलं, मोठा लचका तोडलेला. तसाच तो डोंगराआड गेला. कुठल्याशा गल्लीतून एका बाईचा आवाज आला, "दे दान, सुटे गिराण..." आवाज लांब लांब गेला. बाई दिसली नाही.

वर आले तर फोनवर एक व्हिडिओ येऊन पडला होता. मुलीने पाठवलेला. नवऱ्याने तो लावला.

तिच्या गावचा चौक. तेच ग्रहण, त्यांच्याकडे भर दुपारी लागलेलं. चौकात माणसंच माणसं, आणि सगळ्यांच्या माना वर. कोणाच्या डोळ्यांपुढे वेल्डिंगची काच, कोणाच्या जुना एक्स-रे. घरमालकीण बाईला मी ओळखलं. तिने कोणाच्या तरी बरगड्या तोंडासमोर धरल्या होत्या. आणि भोंगा वाजत होता. हल्ल्याचा भोंगा. तो चढत होता, उतरत होता, पुन्हा चढत होता, आणि एकही माणूस हलत नव्हता. एका बापाने पोराला खांद्यावर घेतलं, नीट दिसावं म्हणून. मागे कडेला बस उभी होती. तिचं दार मिटलं, ती वळली आणि निघून गेली, तरी कॅमेरा आकाशाकडेच. मग कॅमेऱ्याच्या मागून हसण्याचा आवाज आला. तो माझ्या पोरीचा होता. ती तिथल्या माणसांसारखीच हसत होती.

थोड्या वेळाने फोन आला.

"बस?" मी विचारलं.

"गेली."

मग मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कार्टे इथपासून सुरुवात केली. ती ऐकत राहिली. माझा दम संपल्यावर म्हणाली, "आई, कित्येक दिवसांत इथे कोणी वर बघत नव्हतं गं. भोंगा वाजला की सगळे खाली मान घालून पळतात. आज सगळे बघत होते. मला नाही निघवलं. आणि परीक्षा दिल्याशिवाय मी येणारही नाही, आता रोज विचारू नकोस."

मग तीच म्हणाली, "तुमच्याकडे दिसलं?"

"दिसलं. अर्धवटच मावळला."

"इथे सुटलं. मी शेवटपर्यंत थांबले होते."

सासूबाई कधी उठून बसल्या ते आम्हाला कळलंच नव्हतं. "काय म्हनते? तिनं सुटल्यालं पाह्यलं? सोताच्या डोळ्यानं?"

"हो आजी," फोनमधून ती म्हणाली.

"सबंध गोल?"

"सबंध गोल."

सासूबाईंनी डोळे मिटले, हात जोडले. "मंग झालं. घरातल्या एका माणसानं पाह्यलं म्हंजी सुटलं. आंघूळ मागून करते. आधी पानी आन."

मी तांब्या आणला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून घटाघटा रिकामा केला, पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं. नवरा फोन घेऊन खिडकीशी गेला होता आणि लेकीला मोज्यांबद्दल काहीतरी विचारत होता. सासूबाईंनी तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तू बी घे. सकाळधरनं तुझ्या तोंडात काय नाय."

"मी कुठे वेध पाळते," मी म्हणाले.

पेला भरून घेतला, तोंडाला लावला. मग एक घोटही न घेता तो खाली ठेवला आणि त्यावर ताटली झाकली.