पाळी कुणी विचारायची

बाईला पाळी डॉक्टरनं विचारायची, एवढं साधं काम. ते माझ्या हातातून काढलं आणि दिलं कुणाला? उसाच्या नोंदी घेणाऱ्या माणसाला! अजूनही आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

एका सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात मी बायकांची डॉक्टर होते. मूळची पाटोद्याकडचीच, म्हणून बाया माझ्याशी आडपडदा न ठेवता बोलायच्या. कुणाला दाखल करायचं, कुणाला गोळ्या देऊन घरी धाडायचं, कुणाचं पोट उघडायचं, हे मी ठरवायचे. जुने चेअरमन त्यात लक्ष घालत नसत. मग लागोपाठ पावसानं दडी मारली. धरणाचा तळ दिसायला लागला, शिवारात ऊस उरला नाही, कारखान्याचं बॉयलर पेटेना. नव्या संचालक मंडळानं ठरवलं, कारखाना बंद तर बंद, दवाखाना तरी भरलेला पाहिजे. कुठल्या शेतातली तोड कधी लावायची हे बघणारा शेतकी अधिकारी रिकामाच बसला होता. त्याला आणून आमचा मॅनेजर केला.

माणूस वाईट नव्हता हो, तेच तर दुखणं. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा, संडास स्वतः उभा राहून धुऊन घ्यायचा. पण ऑपरेशनच्या यादीला ‘तोडणी प्रोग्राम’ म्हणायचा. मी म्हणायचे, “अहो, बाया आहेत त्या, ऊस नाही.” तो हसायचा आणि पुन्हा तेच म्हणायचा.

दसरा झाला की इकडची घरंच्या घरं ऊसतोडीला परमुलखात जातात. त्याआधी बायांचं पिशवीचं शिबिर घ्यायचं, असं मंडळानं काढलं. आमच्याकडे गर्भाशयाला पिशवीच म्हणतात, आणि पिशवी साफ करणं काय, काढून टाकणं काय, लोकांच्या तोंडी दोन्हीला ‘पिशवीचं ऑपरेशन’. मी म्हटलं, एकेक बाई मी तपासणार, मगच काय ते.

मॅनेजर म्हणाला, “मॅडम, तुम्ही तपासलं की निम्म्या बाया परत जातात.”

“त्यांना काही झालेलं नसतं म्हणून जातात!”

नवे चेअरमन शांतपणे म्हणाले, “बाई, तुम्ही हुशार हायात, कबूल. पण संस्था एकट्याच्या मतावर चालत न्हाई. ठराव झालाय.”

ठराव! पोट कुणाचं उघडायचं याला सूचक आणि अनुमोदक! मी तणतणले, राजीनाम्याचं बोलले. शिबिराच्या दिवशी मला पालीच्या शाळेत पोरं तपासायला पाठवलं आणि शहरातून एक सर्जन बोलावला. बाया निवडून ठेवायचं काम मॅनेजरनं स्वतःकडे घेतलं.

नेकनूरकडची एक तरणी बाई माझ्याकडे यायची. एक मुलगी होती, पुढची दोन्ही पोटं उसाच्या फडातच पडली होती. तिला मूल हवं होतं. अंगात रक्त नव्हतं, बाकी सगळं ठणठणीत. मी तिला म्हटलं होतं, “गोळ्या खा, अंगात रक्त भरू दे, दिवस राहतील. माझ्यावर सोड.” शिबिराच्या दिवशी ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या ट्रॅक्टरमध्ये बसून ती आली, ती गोळ्या संपल्या म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेले तर ती खाटेवर, पोटाला पट्टी. मला बघून हसली. केसपेपरवर लिहिलं होतं: पाळी अनियमित, त्रास फार, कंबरदुखी. पिशवी काढली.

मी म्हटलं, “अगं, मला तर तू पाळी नीट येते म्हणालीस. मग काल हे काय सांगितलंस?”

“काल मला पाळीचं कुणी इचारलंच न्हाई बाई.”

“मॅनेजरनं विचारलं ना?”

तिनं पदर तोंडाला लावला. “अवो, ते टँकरची पाळी इचारत व्हते! टायमावर येती का म्हणले. मी म्हणलं, कुठली येती, कधी आठ दिसाला, कधी पंधरा दिसाला. तरास व्हतो का म्हणले. म्हणलं, लई, कंबर मोडून जाती.” मग म्हणाली, “बाप्यामाणूस बायकांचं कावून इचारंल?”

खरंच होतं तिचं. आमच्याकडे परका पुरुष बाईला ते विचारत नाही, आणि पाळी विचारलीच तर ती बाईची पाळी नसतेच. दुष्काळात तर पाळी म्हणजे पाणीच. मॅनेजरला वाटलं आपण दुखणं विचारलं, तिला वाटलं साहेब वस्तीवरच्या पाण्याची चौकशी करतात. सर्जननं पोटाला हात तरी लावला की नाही, देव जाणे.

“पिशवीचं आपरेशन म्हणले, म्हणजे साफच करत्यात म्हणून म्या अंगठा दिला. आता दिवस राहतील ना?” तिनं विचारलं.

मी तिच्या खाटेवर बसले आणि सांगून टाकलं. कुणी सांगू नका म्हणण्याच्या आत सांगितलं. ती रडली नाही. पोटावरची पट्टी हातानं चाचपली. माझं मात्र रक्त उसळत होतं. म्हटलं, “मी सोडणार नाही यांना. वरपर्यंत जाते. तू फक्त घडलं ते सांग.”

तिनं माझं मनगट गच्च धरलं. “नगं बाई. पाया पडते. मालकाला कळलं तर दुसरी करून आणील. मला पोरीसकट माहेरी घालवील. तुमी पण साफच केली म्हणा.”

दारात मॅनेजर उभा होता. त्यानं ऐकलं होतं. पहिल्यांदाच त्याचं तोंड उतरलेलं दिसलं, पण तरी म्हणालाच, “बघा मॅडम, पेशंटचंच म्हणणं आहे.”

दुपारी तिचा नवरा आला. बैल घेऊन चारा छावणीला राहिला होता, पिशवीचं ऑपरेशन झालं एवढाच निरोप त्याला मिळाला होता. चारा-धुळीनं माखलेला, हातात केळी. खाटेजवळ न जाता आधी माझ्याकडे आला आणि हात जोडले.

“बाई, आता तरी पोरगं व्हईल ना?”

ती खाटेवरून माझ्याकडेच बघत होती.

मी म्हटलं, “साफ केलीय. गोळ्या चालू ठेवा.”