खसखस उडवणारी तार

वाटूरचा पुंजाराम गोंधळी बैलगाडीतून पडला आणि त्याचं उजवं मनगट अधू झालं. भाकरीचा तुकडा मोडायलाही डाव्या हाताची मदत घ्यावी लागे. असा हात तुणतुण्याची तार कशी काय छेडणार? छेडायचा तो, पण आवाज त्याचा त्यालाच ऐकू येईना. शेजारी मेव्हणा रखमाजी संबळ बडवायचा, गायचाही तोच, आणि मधेच ओरडायचा, "दाजी, जोरात! तार वाजवून राह्यले का माशा हाकलून राह्यले?"

लोक हसायचे. पुंजारामही हसायचा. हसून करतो काय?

मंग एक दिवस रखमाजीनं हसणं सोडून सांगितलं, "चैताच्या जत्रंत तुणतुणं ऐकू आलं, तर तुम्ही. न्हाई तर पुढं त्या तुणतुणंवाल्या कडूबाला उभा करतो. देवीचं काम हाय दाजी, नात्याचं न्हाई."

त्या साली जत्रेत पहिल्यांदाच कर्णा येणार होता, जालन्याहून. निजामाचं राज्य अजून होतं, पण खेड्यात कर्णा म्हणजे अप्रूपच. तो ठरवायला हे दोघं जालन्यातल्या मस्तगडला फकरोद्दीनच्या रेडिओच्या दुकानात गेले. फकरोद्दीन म्हणजे काटकुळा माणूस, चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं सुतळी बांधलेली. बंद पडलेला रेडिओ उशाशी घेऊन झोपतो, असं त्याची बायको नूरबी सांगायची.

पुंजारामानं भीत भीत विचारलं, "भाईजान, कर्णा माणसाचं बोलणं मोठं करतो. मह्या तारेचं कामून न्हाई करणार?"

फकरोद्दीननं तुणतुणं हातात घेतलं, तारेला नख लावलं, कान जवळ नेला. "माईक एकच हाय बाबा. संबळाच्या शेजारी तुमची तार त्याच्या कानात शिरणारच न्हाई. हिला स्वतःचा कान लावावा लागंल."

आणि खरंच तो कान करायला बसला! मोडक्या टेलिफोनातले दोन लोहचुंबक काढले. नूरबीच्या जुन्या चरख्यावर केसासारखी तांब्याची तार घेऊन एकेकाभोवती गुंडाळायला लागला. श्वास रोखून. पुंजारामही नकळत श्वास रोखून बसला. अशी दोन रिळं झाली, एक जाडजूड, एक सडसडीत.

"आता तपासू," फकरोद्दीन म्हणाला आणि आत ओरडला, "खसखस लाना!"

"फिर मेरी खसखस?" नूरबी आतून कडाडली. "सालन में क्या डालूं, तांबे की तार?" पण वाटी सरकवली तिनं.

रेडिओचा कागदी भोंगा त्यानं तोंड वर करून ठेवला, त्यात चिमूटभर खसखस टाकली. जाडजूड रीळ तारेखाली दांडीला बांधलं, त्याच्या वायरी आवाज मोठा करणाऱ्या यंत्रातून भोंग्याला जोडल्या. "छेडा."

पुंजारामानं लुळं बोट तारेला नुसतं टेकवून सोडलं. भोंग्यातली खसखस टुणकन वर उडाली! रखमाजी दोन पावलं मागं सरला. पुंजारामाच्या अंगावर काटा आला. दाण्याला हात न लावता दाणा नाचतोय, आणि नाचवणारं कोण, तर आपलं हे निकामी बोट!

सडसडीत रिळानं खसखस कमी उडाली. रखमाजी लगेच बोलला, "मंग ते जाडंच घ्या. बिलकुल पहिलवान हाय."

फकरोद्दीननं मान हलवली. "खसखस जोर सांगते, गळा न्हाई सांगत. डोळे मिटा अन् ऐका. जाड्याचा गळा बसलाय, रजईत तोंड घालून गातोय. हा बारका बघा." पुंजारामानं डोळे मिटले. बारक्या रिळातून तार अशी बोलली, जशी त्याच्या बापाच्या हातात बोलायची. कडेची ती बारीक झणझण सुद्धा तीच.

"हाच," पुंजाराम म्हणाला.

घरी आल्यावर त्याच्या बायकोनं, द्वारकाबाईनं ऐकलं आणि ती हरखली. तुणतुण्याला एवढा मान मिळाला, आणि तार मात्र गंजकी? जत्रेच्या सकाळी तिनं बाजारातून नवी पितळी तार आणवली. सोन्यासारखी चकचकीत. नवऱ्यानं ती ताणली, तिनं हळदकुंकू वाहिलं. जुनी पोलादी तार फेकली नाही. देवीपुढं वाजलेली तार कोणी फेकत नाही. ती देवीच्या परडीच्या कडेला गुंडाळून ठेवली.

दुपारी देवळापुढं गर्दी. फकरोद्दीननं बारक्या रिळाच्या वायरी कर्ण्याच्या यंत्राला जोडल्या. पुंजारामानं देवीला हात जोडून तार छेडली.

काहीच नाही. कर्णा मुका.

पुन्हा छेडली. मुका. गर्दीत कोणीतरी खोकलं, कोणी हसलं. रखमाजी हळूच म्हणाला, "दाजी, बाजूला व्हा. कडूबा येतो."

"थांबा थांबा!" फकरोद्दीननं कमरेची लोखंडी किल्ली काढून रिळावर टेकवली. कर्ण्यातून ठप्पकन आवाज आला, पोरंबाळं दचकली. "कान तर जित्ता हाय!" मंग तो वाकून तारेकडं निरखून बघायला लागला आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अरे मियां, हे पितळ! लोहचुंबक पितळाला ओळख देत न्हाई. लोखंडाची तार कुठाय?"

द्वारकाबाई गर्दीतूनच ओरडली, "परडीत हाय!" आणि स्वतःच धावली. गंजकी तार आली, खुंटीला चढली, पिळली. पुंजारामानं लुळं बोट पुढं केलं. त्यानं ते नुसतं टेकवलं.

आणि वाटूरच्या माळावर ती तार बोलली. देवळाच्या भिंतीवरून, बाजाराच्या पालांवरून, पार परतूरच्या वाटेनं येणाऱ्या बैलगाड्यांपर्यंत. बैलांनी कान टवकारले. म्हाताऱ्यांनी हात जोडले. पुंजाराम आपल्याच बोटाकडं असा बघत राहिला, जसं ते दुसऱ्या कुणाचं असावं.

रखमाजीनं संबळ सुरू केला, चार ठेके मारले आणि पुंजारामाकडं वाकून म्हणाला,

"दाजी, जरा हळू की! मह्या संबळाचं कसं व्हायचं?"