गेणबा पाटकऱ्याचा मंगळ

त्या दिवशी घरात सगळं रोजच्यासारखंच चाललं होतं. न्हाणीतला बंब धुमसत होता पण पेटत नव्हता, शेगडीवर पिठलं रटरटत होतं आणि हे ओसरीवर आरसा टेकवून दाढी करत बसले होते. तेवढ्यात दाराची कडी वाजली. लागोपाठ पाच-सहा वेळा वाजली, थांबली, आणि मी हात पुसून उठेपर्यंत परत वाजायला लागली.

"गेणबा आहे," हे गालावरचा साबण न पुसताच म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या हातात एवढी खाज नाही."

गेणबाच होता. धोतर गुडघ्यापर्यंत दवाने भिजलेलं, अंगात खात्याचा खाकी कोट, मागे भिंतीला टेकलेली सायकल. सणसरच्या पुढच्या कालव्याच्या चौकीवरून तो अंधारातच निघाला असणार. हे कालव्याच्या खात्यात ओव्हरसियर आणि गेणबा यांच्या हाताखालचा पाटकरी. कुणाच्या चारीला किती तास पाणी सोडायचं, कुणाचं दार कधी बंद करायचं, हे बघत दिवसभर कालव्याच्या भरावावरून चालायचं, हे त्याचं काम. चांगला पन्नाशीला आलेला माणूस, पण त्याला मी कधी मांडी घालून बसलेलं पाहिलं नाही.

"रब्बीच्या पाण्याची पाळी चालू आहे आणि तू इथे?" ह्यांनी विचारलं.

"पान्याचं गेज वाचाया पोरीला, रतनला बशिवलंय साहेब. माझ्यापरीस चोख वाचती. तुमच्याकडं काम न्हाय, बाईसाहेबांकडं हाय." आणि माझ्याकडे वळून, उंबऱ्याच्या बाहेरूनच तो म्हणाला, "बाईसाहेब, मंगळावर पानी हाय का न्हाय, ते आज मला पक्कं पायजे. दुपारच्याला पणदऱ्याचे पावणे येनार हायती."

"पाहुण्यांना प्यायला मंगळावरून आणणार का? आपल्या कालव्याचं संपलं?" हे म्हणाले.

"हसा साहेब," गेणबा म्हणाला. स्वतः मात्र हसला नाही.

मी त्याला आत बोलावलं, चहा टाकला. तो अंगणात तुळशीपासून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीपासून तुळशीपर्यंत येरझारा घालत राहिला. चहाचं आधण उकळेपर्यंत मला एकच सुचत होतं, ते हे, की या प्रकरणाची सुरुवात माझ्यामुळे झाली आहे.

झालं होतं असं. मागच्या वर्षी, छप्पन सालच्या भाद्रपदात, मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ आला होता. दिवेलागण झाली की पूर्वेला लालभडक दिसायचा. दौंडच्या छोट्या गाडीने येणाऱ्या इंग्रजी वर्तमानपत्रात त्यावर मोठा मजकूर आला होता. गेणबा आठवड्याची कागदपत्रं घेऊन कचेरीत आला, की भाजी द्यायला आमच्याकडे डोकावायचा. त्या दिवशी वांगी ओतता ओतता त्याने पेपरातल्या वाटोळ्या चित्राकडे बोट केलं आणि विचारलं, ह्या रेघा कसल्या. मी वाचलं आणि मराठीत सांगितलं, "हा मंगळ आहे. त्याच्यावर कालवे आहेत असं काही विद्वान म्हणतात."

वांगी ओतायची थांबली.

"क्यानल?"

"हो."

"कुणी काडले?"

"तिथे कुणी राहत असतील तर त्यांनी."

"पाळी कशी लावत्यात? शेवटाला पानी पोचतं का?"

याचं उत्तर पेपरात नव्हतं, आणि मला हसू आलं होतं. पण त्याच्यापुढे हसायचं धाडस झालं नाही. ज्याची सगळी हयात कालव्याच्या खालच्या अंगाला गेली, वरच्यांनी दारं फोडल्यामुळे ज्याच्या टापूत पाणी पोचता पोचता ओल तेवढी उरते, आणि त्याबद्दल शेतकऱ्यांच्या शिव्या ज्याला खाव्या लागतात, तो दुसरं काय विचारणार? सबंध ग्रहभर कालवे आणि एकही शिवीगाळ नाही, ही त्याला केवढी गोष्ट वाटली असेल.

त्यानंतर वर्षभर तो दर खेपेला मंगळाचं विचारायचा. तिथे ऊस होतो का. पाटकरी एकटा असतो की जोडीला कुणी. एकदा म्हणाला, "पानी कुठनं येतं ते बघायचा नाद मला लहानपनापासनं हाय." आणि उभ्याउभ्याच सांगायला लागला. मिसरूड फुटायच्या आधी तो एकदा घरात न सांगता कालव्याच्या काठाने वर चालत सुटला. बारामती मागे टाकली, पणदरे मागे टाकलं, वीरला कालव्याच्या मुखाशी पोचला. तिथल्या दारवानाला विचारलं, हितं कुठनं येतं? तो म्हणाला, भाटघरच्या धरणातून. हा भाटघरला गेला. तिथे एका म्हाताऱ्याला विचारलं, तर त्याने नुसतं वर बोट केलं.

"घरी आलो तवा बाच्या हातचा मार खाल्ला. पर मार खाताना बी डोक्यात त्येच. म्हनलं, बाकी समदं बघून झालं, आता वर जायाचं ऱ्हायलं."

यंदा आश्विनात रशियाने आकाशात उपग्रह सोडला आणि पाठोपाठ दिवाळीनंतर एक कुत्री पाठवली, तेव्हा तर तो कागदपत्रांचा दिवस नसताना आला होता. "मानूस कधी पाठवनार?" मी म्हटलं, पाठवतीलही. "मग त्यास्नी गेज वाचनारा लागंल की. तिथलं पानी मोजायचं म्हनल्यावर." हे तो गमतीने म्हणाला की खरं, ते मला अजून सांगता येणार नाही.

मला वाटत होतं, हा सगळा कालव्याचा नाद. बायको फुलाबाईही तेच म्हणायची, "याड लागलंय." रतनच्या लग्नाचं मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

चहाचा कप हातात दिला तसं त्याने तो बशीत ओतला, आणि न पिता बशी हातात धरून बोलायला लागला.

रतन त्याची एकुलती एक मुलगी. एकोणीस संपलं होतं. दोन स्थळं येऊन परत गेली होती, आणि दोन्ही वेळेला कारण एकच. पोरीला मंगळ आहे.

"गेणबा, तुमच्याकडे पत्रिका कुठून आल्या?" मी विचारलं. "आसपासच्या वस्तीवर कुणाची जन्मवेळ तरी ठाऊक असते का? पाऊस पडला त्या वर्षी, नाहीतर बैल दगावला त्याच्या मागच्या साली."

"तीच तर गोम हाय," तो म्हणाला. "गावातल्या कुनाच्या पोरीला मंगळ न्हाय, कारन वेळच कुनाला ठावं न्हाय. माझ्या पोरीची वेळ खात्याच्या वहीत हाय."

ह्यांचा वस्तरा थांबला.

कालव्याचं पाणी किती फूट चाललं आहे ते दगडावरच्या खुणांवर बघायचं, त्याला ते लोक गेज म्हणतात. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला वाचून वहीत लिहायचं. एकोणीस वर्षांपूर्वी कार्तिकात गेणबा सकाळचं गेज वाचत असताना चौकीतून सुईण ओरडली, मुलगी झाली. खात्याचं घड्याळ हातात होतं, वही उघडी होती, शिसपेन्सिल कानावर होती. त्याने लिहिलं, ६ वाजून ४ मिनिटं, तीन फूट दोन इंच, मुलगी झाली. त्यावरून वरच्या साहेबांनी त्याला आठ दिवस फैलावर घेतलं होतं. पण हा हट्टी. तेच सगळ्यांना कौतुकाने सांगत राहिला, आमची रतन सहा वाजून चार मिनिटांची. मग पहिल्या स्थळाच्या जोशाने वेळ विचारली, तर याने छाती फुगवून मिनिटांसकट सांगितली.

"बाकीचे म्हनाले आसते, सकाळच्या पारी कवातरी. सुटले आसते. मला लिवायची खोड." बशीतल्या चहावर साय धरायला लागली होती. "फुलाबाई म्हनती, तुमच्या वहीनं पोरीचा गळा कापला."

"आणि पणदऱ्याचे?"

"आबाजी, पोराचा बाप. मानूस वाईट न्हाय. पोरगं तर सोन्यावानी हाय, रतनलाबी पसंत हाय. पर त्यांचा थोरला ल्योक लगीन झाल्या वर्साला इहिरीत पडून गेला, तवा लोकांनी त्या सुनंच्या मंगळावर ढकललं. तवापासनं आबाजीच्या मनात बसलंय. जोशी बी त्यांच्याच आळीतला." त्याने बशी या हातातून त्या हातात घेतली. "मागच्या बैठकीत मी बोलून बसलो. म्हनलं, आबाजी, तुमी ज्याला भिता त्या मंगळावर आपल्यावानी क्यानल हायती. पानी देनारी मानसं हायती तितं. पानी देनारा कुनाच्या लेकीचं वाईट कशाला करंल? समदी बैठक हसली. आबाजी हसला न्हाय. म्हनला, कुनी सांगितलं? मी म्हनलं, बारामतीत आमच्या साहेबांच्या बाईसाहेब हायती, बी.ए. झाल्यात, त्यांनी. तर म्हनला, पुढच्या खेपंला येतो, तवा नीट इचारून ठेव."

ती पुढची खेप म्हणजे आजची दुपार.

"रतन काय म्हणते?"

पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "ती माझ्यावरताण. म्हनती, बा, मंगळावर मानसं आसली तर त्यांच्या पोरींच्या पत्रिकंत पृथ्वी आसंल. आपल्यापायी त्यांची बी लगनं मोडत आसतील."

ह्यांना हसू फुटलं, साबणाचा फेस उडाला. मला मात्र हसता येईना. चार महिन्यांपूर्वी मी वाचनालयातून आकाशावरचं एक पुस्तक आणलं होतं. त्यात हे कालव्यांचं प्रकरण सविस्तर होतं. ते वाचून मी पुस्तक परत केलं आणि गेणबाला काहीच सांगितलं नाही. त्याचा आनंद कशाला मोडा, असं स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे माझी चूक कबूल करायची लाज वाटली.

"गेणबा, खाली बसा," मी म्हटलं.

"बसत न्हाय. सांगा."

"तिथे कालवे आहेत हे मी तुम्हांला सांगितलं, ते बरोबर नव्हतं."

तो बशी धरून तसाच उभा राहिला.

मी जमेल तसं सांगितलं. ऐंशी वर्षांमागे इटलीतल्या एका माणसाने दुर्बिणीतून मंगळावर रेघा पाहिल्या. त्यांच्यासाठी त्याने आपल्या भाषेत जो शब्द वापरला, त्याचा अर्थ ओघळही होतो आणि कालवाही. इंग्रजीत आणताना लोकांनी कालवा घेतला. मग कालवा म्हटल्यावर तो खणणारी माणसं आली, माणसं आली तशा गोष्टी आल्या. आता बऱ्याच जणांचं म्हणणं आहे, की त्या रेघासुद्धा खऱ्या नव्हत्या, नजरेचा खेळ होता.

"म्हंजी वड्याला क्यानल म्हनले?"

"तसंच काहीसं."

"आमच्या खात्यात कुनी आसं केलं आसतं तर वड्याची पानीपट्टी वसूल झाली आसती." तो हे अगदी सावकाश बोलला. मग बशी ओसरीच्या कडेला ठेवली आणि पुन्हा चालायला लागला. तुळस, न्हाणी, तुळस. ह्यांनी दाढी आटोपली होती, पण आरसा आवरायचं त्यांना सुचत नव्हतं. पिठलं तळाला लागल्याचा वास आला, तरी मी उठले नाही.

"वरीसभर मी त्या क्यानलच्या काठानं चालतोय बाईसाहेब," तो न थांबता म्हणाला. "चौकीवर पडलो की डोळ्यांम्होरं त्योच. कुनी फसवलं म्हनत न्हाय मी. पर आज मी आबाजीला काय सांगू?"

"खरं ते सांगा. मंगळाचा आणि लग्नाचा काही संबंध नाही."

"त्ये मी सांगून ऐकत्यात व्हय? मी पाटकरी. जोशी म्हनतो मंगळ खुनशी हाय, मी म्हनतो न्हाय. त्यो पोथी काढतो. मी काय काढू?" मग अंगणाच्या मधोमध थांबून त्याने विचारलं, "आता तितं क्यानल न्हाईत, तर काय हाय?"

"ठाऊक नाही."

"तुमाला ठावं न्हाय, का कुनालाच?"

"कुणालाच. कुणी म्हणतं शेवाळ असेल, कुणी म्हणतं नुसती तांबडी धूळ. दुर्बिणीतून जेवढं दिसतं तेवढं."

"तितं जाऊन आलेलं कुनी न्हाय?"

"कुणी नाही, गेणबा. ती कुत्री पाठवली, तीसुद्धा पृथ्वीभोवतीच फिरली."

"रशियावाल्यांस्नी बी ठावं न्हाय?"

"नाही."

तो अंगणात उभा राहून माझ्याकडे बघत राहिला. एवढा वेळ एका जागी उभा राहिलेला गेणबा मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. कपाळावरच्या आठ्या एकेक करून हलत होत्या; वहीत आकडे जुळतात की नाही ते बघताना ह्यांच्या हलतात तशा.

"मग पणदऱ्याच्या जोशाला तरी कसं ठावं आसंल?" तो म्हणाला.

"नाहीच."

"तुमी हे मला म्हनला. आबाजीला कुनी म्हननार?" त्याने कोटाच्या खिशात हात घातला, शिसपेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "एक दिवस कुनीतरी जाऊन बघनारच की. मला न्हेलं तर मी आजबी जाईन, पर माझ्या जान्यानं रतनचं आज काय भागत न्हाय. त्यांचा टांगा दुपारी येईल."

"मी काय करू सांगा," मी म्हटलं.

तो ओसरीच्या पायरीवर बसला. खाली, मांडी घालून.

"एका कागदावर शाईनं एवढंच लिवून द्या, बाईसाहेब. मंगळावर काय हाय ते आजून कुनालाच ठावं न्हाय. खाली तुमची सही करा, अन् सहीफुडं बी.ए. लिवा."