टोकणारी मुलगी

शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांना कलकत्त्यात तेव्हा कुणी 'अभ्यास कसा चाललाय' असं विचारत नसे. ट्राममध्ये भेटलेला अनोळखी माणूससुद्धा विचारायचा, "अलाउ झालीस का?" बोर्डाच्या परीक्षेआधी शाळा आपली एक परीक्षा घेई. तिला टेस्ट म्हणत. टेस्टमध्ये जे उतरतील त्यांनाच शाळा आपल्या नावावर बोर्डाला बसू देई. ती मुलं 'अलाउ'. बाकीच्यांनी वर्षभर घरी बसावं नाहीतर बाहेरून फॉर्म भरावा.

आमच्या शाळेच्या दाराशी एक काळा फळा होता. त्यावर पांढऱ्या रंगात मागच्या वर्षांचे निकाल रंगवलेले असत. प्रत्येक वर्षापुढे शंभर टक्के. मला तो फळा आधी फार आवडायचा. शंभर टक्के कसे होतात हे मला कळलं ते स्वतः त्यातून वगळली गेल्यावर.

मला ऐकू येत नाही. सात वर्षांची असताना नागपुरात तापात कान गेले, पण तोवर बोलायला शिकले होते, म्हणून बोलणं राहिलं. पुढे बाबांची बदली गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात झाली आणि आम्ही कलकत्त्याला आलो. छातीवर डबी बांधायचं एक यंत्र मिळालं होतं, त्यातून पंख्याची घरघर तेवढी छान ऐकू यायची. माझं सगळं कामकाज ओठांवर चाले. आईचं मराठी मी स्वयंपाकघराच्या दारातून वाचत असे. बंगाली ओठ वाचायला वर्ष गेलं, कारण त्यांचा 'अ' गोल असतो आणि 'व्हेरी' म्हणताना ते 'भेरी' म्हणतात, म्हणजे ओठ मिटतात. एकदा हे गणित सुटलं, की मग बाजारात मासेवाली कोळीण भाव काय सांगते ते मी आईच्या आधी सांगू लागले.

वर्गात सगळं बरं चालायचं, एक गोष्ट सोडून. टेस्टमध्ये इंग्रजीचं श्रुतलेखन असे. बोर्डाच्या परीक्षेत ते नव्हतं! हे मी पुन्हा सांगते, कारण इतक्या वर्षांनीही माझं डोकं इथेच तापतं: बोर्ड श्रुतलेखन मागत नव्हतं. ती आमच्या शाळेची जुनी पद्धत होती, आणि त्यात नापास तो इंग्रजीत नापास, असा शाळेचा नियम होता. बाईंनी एका जागी, माझ्यासमोर उभं राहून वाचलं असतं तर मी शब्दन् शब्द लिहिला असता. पण आमच्या इंग्रजीच्या बाई बाकांच्या रांगांमधून फेऱ्या मारत वाचायच्या.

बाबांनी टेस्टच्या आधी हेडमिस्ट्रेसना भेटून विनंती केली होती, की बाईंनी पुढे उभं राहून वाचावं. हेडमिस्ट्रेसना सगळे 'बडदी' म्हणत, म्हणजे थोरली ताई. ताईपण मला तरी कधी दिसलं नाही. त्या म्हणाल्या, "एकीसाठी वेगळं केलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल." बाबांना हे पटलंसुद्धा. नियम म्हटला की बाबा हात जोडत. रेल्वेत आयुष्य गेलेलं.

टेस्टच्या दिवशी बाई नेहमीप्रमाणे चालू लागल्या. त्या डावीकडे गेल्या, मी डावीकडे बघितलं. मागे गेल्या, मी वळून मागे बघितलं. मला त्यांचे ओठ हवे होते, दुसरं काही नको होतं. पण त्या वर्षांत कलकत्त्यात परीक्षेतल्या कॉपीचा नुसता सुळसुळाट झाला होता आणि प्रत्येक शाळा धास्तावलेली होती. परीक्षेत मान सरळ, हा पहिला नियम. तिसऱ्यांदा मान वळली तेव्हा बाईंनी माझा कागद काढून घेतला. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावणं आलं. मी शाळेच्या बाहेर थांबले होते. बाबा बाहेर आले ते ओशाळलेले.

घरी गेल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. "तू बाईंना टोकतेस?"

मला वाटलं मी चुकीचं वाचलं. "काय करते?"

"टोकतेस. उलट बोलतेस. बडदी म्हणाल्या, 'आपका लड़की क्लास में टोकता है. हमेशा टोकता है.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"खोटं कशाला बोलू? म्हटलं, हो, तिला सवयच आहे ती. घरीसुद्धा टोकते. आईवर गेलीय."

स्वयंपाकघरातून आई लाटणं घेऊनच बाहेर आली. "अहो, यात मी कुठून आले?"

मी मात्र गार पडले होते. कलकत्त्यात शेंबडं पोरही सांगेल की बंगालीत 'टोका' म्हणजे कॉपी करणं. टोकाटुकी हा तेव्हा रोजच्या बोलण्यातला शब्द होता. बडदी त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणत होत्या, तुमची मुलगी कॉपी करते, नेहमी करते. आणि माझ्या नागपूरच्या बाबांनी मराठी कानांनी ऐकून, मान डोलावून, कबुली दिली होती. आईलासुद्धा कॉपीबहाद्दर ठरवून आले होते! आ बैल मला मार, दुसरं काय.

मी त्यांना अर्थ सांगितला. बाबा आईकडे बघून म्हणाले, "मला बंगाली यायला हवं होतं." आई लाटणं घेऊन तशीच आत गेली. तिचा राग माझ्यासारखाच, आधी आत धुमसतो.

सकाळी बाबा मला घेऊन पुन्हा शाळेत गेले. त्यांनी सगळा घोटाळा उलगडून सांगितला, इंग्रजीत, अगदी हळू. बडदींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काल तुम्ही स्वतः मान्य केलंत." बाबा म्हणाले, "तिची पुन्हा परीक्षा घ्या. आत्ता, तुमच्यासमोर. समोर उभं राहून वाचा, ती लिहील." त्यावर बडदी जे म्हणाल्या ते मी त्यांच्या ओठांवर स्वच्छ वाचलं: "ओठ बघून लिहिणं म्हणजे तरी काय? तीही टोकाटुकीच."

बाबांचे हात टेबलावर होते ते त्यांनी खाली घेतले. मला किंचाळावंसं वाटत होतं. डोळसांनी चष्मा लावला तर तीही कॉपी का?

मग बडदी मवाळ झाल्या. म्हणाल्या, बाहेरून बसू द्या तिला. तिच्यावरही ताण नाही, शाळेवरही नाही. तेव्हा मला तो दारातला फळा आठवला. ऐकू न येणारी मुलगी इंग्रजीत घसरली तर शंभराचे नव्याण्णव होतील, ही सगळी भीती. माझी मान निमित्त होती. मी डिसअलाउ झाले.

बाहेरून बसणाऱ्यांचं केंद्र पुलापलीकडे, हावड्याच्या एका शाळेत होतं. तिथे श्रुतलेखन नव्हतं, आणि मान सरळ ठेवण्याची सक्तीही नव्हती. खिडकीतून चिठ्ठ्या आत येत होत्या, पुढचा मुलगा पुस्तक मांडीवर उघडून लिहीत होता, आणि पर्यवेक्षक व्हरांड्यात चहा पीत होते. कॉपी करते म्हणून शाळेने बाहेर काढलेली मी, त्या खोलीत बहुधा एकटीच आपल्या डोक्यातलं लिहीत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मराठीत कुणी केली असेल त्याला मी तिथे मनातल्या मनात नमस्कार केला.

त्या काही महिन्यांत बाबा बंगाली शिकले, आणि त्यांची एक जुनी सवय गेली. पूर्वी ते पेपर तोंडासमोर धरून बोलायचे आणि मला त्यांचं अर्धं बोलणं कळायचं नाही. आता काही सांगायचं झालं की पेपर खाली ठेवत, माझ्याकडे वळत, आणि मग बोलत. बसमध्येसुद्धा. शेजारचे बघत, तरी.

मी पास झाले. इंग्रजीत चांगलेच मार्क होते. शाळा सोडल्याचा दाखला आणायला बाबा आणि मी गेलो तेव्हा फळ्यावर रंग ताजा होता. नवं वर्ष, शंभर टक्के. मी त्यात नव्हते. पास झालेल्यांत नाही, नापासांतही नाही. बाबा माझ्याबरोबर फळ्यासमोर थांबले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला कुणाला टोकायचं असेल, तर आज टोक. मराठीत."

बडदी टेबलाशी बसल्या होत्या. दाखल्यावर सही करत होत्या. मी बंगालीत बोलले, त्यांना कळावं म्हणून. म्हटलं, "मी पास झाले. इंग्रजीतसुद्धा. मी कॉपी करत नव्हते, बाईंचं बोलणं ऐकायचा प्रयत्न करत होते. तुमच्या शंभरात एक मुलगी कमी आहे, ती मी." माझा आवाज केवढा लागला होता मला माहीत नाही, पण दारातला शिपाई वळून बघायला लागला.

त्यांनी उत्तर दिलं. लांबलचक दिलं. पण ते खाली मान घालून, सही करता करता, दाखल्याला सांगितल्यासारखं. मला फक्त त्यांचा भांग दिसत होता.

ट्राममध्ये बसल्यावर मी बाबांना विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

बाबांनी तोंड खिडकीकडे वळवलं, ओठ मला दिसणार नाहीत इतकं, आणि मग काहीतरी बोलले.