जिन्यातल्या दिव्याचं बटण

पल्लवीताईंचा कॉल माझ्या डोळ्यांदेखत तुटला. स्क्रीनवरचे पाच-सहा चेहरे आधी थिजले, मग मधोमध गोल चक्र फिरायला लागलं. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज तिसऱ्यांदा, काका."

नाशिकच्या पंचवटीतलं तीन मजली रो-हाउस. तळाला हॉल आणि स्वयंपाकघर, त्याच्यावर झोपायच्या खोल्या, सगळ्यात वर गच्चीला लागून ही कामाची खोली. नेटची लाइन खाली हॉलमध्ये आलेली, राउटर टीव्हीशेजारी. म्हणजे राउटर आणि ताईंच्या मधे दोन स्लॅब. स्लॅबमध्ये लोखंडी सळयांची जाळी असते आणि वाय-फायला लोखंडाचं वावडं. इथवर सिग्नल पोचत होता हेच नवल.

मी पगारे. टेलिफोन खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली. खांबावर चढलो, गटारात उतरलो, तांब्याच्या जोड्या जुळवल्या. मुदतीआधी बाहेर पडलो आणि आता लोकांच्या घरी वाय-फाय बसवतो. लोकांना वाटतं हे डबे विकायचं काम आहे. खरं तर भिंती बघायचं काम आहे. डबा विकत मिळतो, भिंत आहे तीच राहते.

ताईंची अडचण नुसती कॉलची नव्हती. त्या पुण्याच्या एका कंपनीसाठी हॉस्पिटलचे इन्शुरन्स क्लेम तपासायच्या. पेशंटची कागदपत्रं हाताळायची, म्हणून नियम कडक. खोली बंद हवी, तिचा फोटो कंपनीकडे दिलेला, ती बदलायची नाही. मोबाइलचं नेट चालत नाही. कामाच्या वेळी फोनसुद्धा खोलीबाहेर. लॅपटॉप उचलून खाली राउटरजवळ जाऊन बसा, हे सांगायची सोय नव्हती. आणि येत्या शनिवारी साडेदहाला परदेशातल्या क्लायंटसमोर दोन तासांचा review होता. मॅनेजरने स्पष्ट सांगितलं होतं: त्यात लाइन पाच मिनिटांहून जास्त गेली, तर पुढच्या महिन्यापासून पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं. नवरा अंबडच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, मुलगा चार वर्षांचा.

"पुण्याला गेले तर पिल्लूला घेऊनच जावं लागेल," त्या म्हणाल्या. तो दिवस बुधवार होता.

खाली आलो तर सासरे, म्हणजे नाना, सोफ्यावर बसून माझी वाटच बघत होते. चाळीस वर्षं मंडप डेकोरेशनचा धंदा केलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी धंदा विकला. हे घर त्या कमाईतून उभं केलेलं, आणि दिवाळीत आतून-बाहेरून रंगवलेलं. माझ्या हातात पट्टी आणि पेन्सिल दिसली तसे ते सावध झाले.

"भिंतीला भोक नाय पाडायचं," ते म्हणाले. "बाकी काय करायचं ते करा. आन् लय महागाचं नको."

इथे जरा धंद्यातलं सांगतो. घरातल्या लांबच्या खोलीत नेट पोचवायचे दोन सोपे मार्ग. एक extender. तो ऐकलेलं पुन्हा ओरडून सांगणारा माणूस. काम करतो, पण स्वतः अर्धवट ऐकलं तर अर्धवटच ओरडतो, आणि बऱ्याचदा त्याचं नेटवर्कही वेगळ्या नावाने दिसतं. दुसरा mesh. यात दोन-तीन डबे एकाच नावाने चालतात, एकमेकांशी बोलत राहतात, आणि तुमचा फोन घरभर फिरताना आपोआप जवळच्या डब्याला जाऊन चिकटतो. महागड्या मेशमध्ये डब्यांना आपापसात बोलायला वेगळी लेन असते. स्वस्तातल्यात ती नसते. डबे ज्या रस्त्याने आपापसात बोलतात त्याच रस्त्याने तुमचा लॅपटॉपही बोलतो, त्यामुळे वेग साधारण अर्धा होतो.

ताईंच्या नवऱ्याने मोबाइलवर तीन डब्यांचा सेट शोधून ठेवला होता. दोनच्या किमतीत तीन. मला या हिशोबाची चीड येते. डबे वाढवले म्हणून वेग वाढत नाही. एका डब्यावरून दुसऱ्यावर, अशा प्रत्येक उडीला तो घटतो. मी म्हणालो, दोनच डबे घ्या, पण जरा बऱ्या प्रोसेसरचे. लाइन शंभर एमबीपीएसची आहे, अर्धी झाली तरी पन्नास, व्हिडिओ कॉलला पाच-दहा पुष्कळ झाले. एक डबा हॉलमध्ये, दुसरा मधल्या मजल्यावर जिन्याच्या वळणावर. तिथून वरच्या खोलीचं दार सरळ दिसतं, आणि स्लॅबला जिन्यापुरतं मोठं भगदाड आहेच. दोन डब्यांच्या मधे केबल टाकली असती तर स्वस्त मेशही महागाच्या तोडीचा चालला असता. पण केबलला भोक लागतं.

यादीत मी आणखी एक वस्तू लिहिली होती. राउटरचा छोटा यूपीएस. चपट्या डब्याएवढी बॅटरी, लाइट गेली तरी तीन-चार तास डबा चालू ठेवते. नानांनी त्यावर बोट ठेवलं. घरात मोठा इन्व्हर्टर आहे, मग हे कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, हॉलमधला राउटर इन्व्हर्टरवर आहे का? आहे. ताईंची खोली? आहे. मग मी ती ओळ खोडली. नानांच्या आकड्यात बसायचं होतं, आणि आपण माल गळ्यात मारत नाही हे दाखवायची मला हौस होती.

गुरुवारी डबे लावले. वळणावर एक प्लग होताच, त्याच्याखाली छोटा स्टूल, स्टुलावर डबा. वरच्या खोलीत जिथे एक काडी दिसायची तिथे भरपूर सिग्नल आला. शुक्रवारी ताईंचे सगळे कॉल सुरळीत झाले. त्यांनी हात जोडलेल्या चित्राचा मेसेज पाठवला. मी खुशीत होतो.

शनिवारी सकाळी मी आमच्या सिडकोतल्या घरी पोहे खात होतो. मंगल, माझी बायको, फोनवर तिच्या पंचवटीतल्या बहिणीशी बोलत होती. फोन ठेवून ती सहज म्हणाली, "ताईकडे दहाला लाइट जाणारे, मेसेज आलाय. मिक्सर लावून घेतेय बिचारी."

नाशिककराला शनिवार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. लाइनच्या दुरुस्तीचं काम असलं की शनिवारी सकाळी गेलेली लाइट दुपारीच येते. लोक दळण, मोटर, इस्त्री त्याआधी उरकून घेतात. मी या गावात जन्मलो, आणि शनिवारच्या कॉलसाठी नेट बसवताना मला शनिवार आठवला नाही.

घास तोंडातच राहिला. हॉलचा राउटर इन्व्हर्टरवर, वरची खोली इन्व्हर्टरवर, पण वळणावरचा प्लग? आपल्याकडे इन्व्हर्टर जोडताना दिवे, पंखे आणि एखाद-दुसरा नेमका प्लग त्यावर घेतात, उरलेले प्लग सोडून देतात. मी तो प्लग विचारलाच नव्हता. लाइट घालवून एकदा तपासायला मेन स्विच पाडायचा, एवढंच काम होतं. अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ते सुचलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

पावणेदहा झाले होते. पल्लवीताईंना फोन लावला. तो नियमाप्रमाणे खोलीबाहेर कुठेतरी वाजत असणार. नानांना लावला. त्यांनी उचलला, माझं अर्धं ऐकलं आणि म्हणाले, "इन्व्हर्टर हाय ना घरात. तुम्ही निवांत या." आणि ठेवला. ओळखीच्या दुकानात फोन करून विचारलं, तर छोटा यूपीएस एकही शिल्लक नव्हता. मी गाडी काढली. द्वारका चौकातल्या सिग्नलला तीनदा लाल दिवा मिळाला आणि तिन्ही वेळा मी स्वतःला शिव्या घातल्या.

पोचलो तेव्हा दहा वाजून सतरा मिनिटं झाली होती. गल्लीत लाइट नव्हती. नाना दारातच उभे होते, चेहरा उतरलेला. वळणावरचा डबा मेला होता. वर बंद दाराआड ताई कुणाशीतरी बोलण्याचा प्रयत्न करत होत्या, "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं.

हॉलमधून वळणापर्यंत वायर ओढावी म्हटलं, तर घरातले एक्स्टेन्शन बोर्ड सगळे हातभर वायरीचे. नानांकडे पूर्वी वायरीची भेंडोळी असायची, पण ती धंद्याबरोबर गेलेली. तुकड्या-तुकड्यांच्या वायरी जोडत बसायला वेळ नव्हता. मी खिशातला टेस्टर उगाच हातात फिरवत उभा राहिलो.

नानांनी वर बघितलं. वळणावरच्या भिंतीवर, डोक्याच्या थोडं वर, जिन्यातला दिवा होता. होल्डरमध्ये साधा बल्ब.

"हा इन्व्हर्टरवर हाय," ते म्हणाले. "अंधारात कोणी पडू नये म्हणून मीच टाकून घेतला होता."

मग माझ्या उत्तराची वाट न बघता ते खोलीत गेले आणि पलंगाखालून एक पत्र्याचा डबा ओढत आणला. मंडपाच्या धंद्यातलं एवढंच त्यांनी ठेवलं होतं: पिना, फ्यूज, काळी चिकटपट्टी, आणि होल्डर-सॉकेट. बल्ब काढून त्याच्या जागी हे फिरवून बसवायचं, की बल्बच्या होल्डरचा प्लग तयार होतो. गणपतीच्या मंडपात माळा अशाच लावतात. मेशचा डबा दिव्याएवढीच वीज खातो, त्याला हे चालण्यासारखं होतं. सत्तरीचे नाना स्टुलावर चढले. मी स्टूल घट्ट धरला. बल्ब निघाला, सॉकेट बसलं, मी पिन खुपसली. स्टुलावर एक डालडाचा डबा पालथा घातला आणि त्यावर मेशचा डबा ठेवला, तेव्हा वायर पुरली.

मी खाली जाऊन जिन्यातल्या दिव्याचं बटण दाबलं आणि डब्यावर लाल दिवा लागला. दहा वाजून पंचवीस मिनिटं. या डब्याला जागं व्हायला तीन मिनिटं लागतात. मी वरच्या दाराशी जाऊन म्हणालो, ताई, तीन मिनिटं द्या.

लाल दिवा लुकलुकला, आणि निळा व्हायच्या आतच विझला.

मी सॉकेट हलवून बघितलं, पिन दाबली. काही नाही. नानांनी मात्र तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते कठड्यावरून खाली वाकले आणि पायथ्याशी उभ्या असलेल्या आपल्या बायकोला म्हणाले, "बटण दाबलंस का गं?"

काकू गोंधळल्या. दिवसाढवळ्या जिन्यातल्या दिव्याचं बटण चालू दिसलं, म्हणून जाता जाता त्यांनी ते बंद केलं होतं. चाळीस वर्षांची सवय. त्यातून जिन्यातल्या दिव्याला दोन बटणं असतात, एक खाली, एक वर. कुठलंही एक दाबलं की संपलं. काकूंनी पुन्हा बटण दाबलं. लाल दिवा. पुन्हा पहिल्यापासून तीन मिनिटं. दहा वाजून सत्तावीस.

नानांनी काळ्या चिकटपट्टीचे दोन तुकडे तोडले. एक वरच्या बटणावर आडवा चिकटवला, दुसरा खाली जाऊन स्वतःच्या हाताने. नव्या रंगावर, हे विशेष. काकूंना खालच्या पायरीवर बसवलं, नातवाला त्यांच्या मांडीवर. स्वतः वळणावर स्टुलाला हात धरून बसले. साडेदहाला निळा दिवा लागला. अर्ध्या मिनिटाने वरून ताईंचा आवाज आला. "गुड मॉर्निंग, येस, आय कॅन हिअर यू."

पुढचे दोन तास त्या जिन्यातून कोणीही वर-खाली गेलं नाही. नातवाला वर आईकडे जायचं होतं, त्याला अडवलं. कामवाल्या मावशी झाडू घेऊन आल्या, त्या परत गेल्या. मी एक पायरी खाली बसून फोनवर सिग्नल बघत होतो. इन्व्हर्टरने मधे एकदा पीक-पीक केलं तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी जाऊन हॉलमधला पंखा आणि टीव्ही बंद केला.

बाराच्या सुमारास नाना हळू आवाजात बोलले. माझ्याकडे नाही, डब्याकडे बघत.

"पगारे, मला हे काय कळत नाय. पण ही गेली की पोरगं जाणार. मग या तीन मजल्यांत आम्ही दोघांनी करायचं काय?"

मी म्हणालो, चूक माझी होती नाना, मी प्लग विचारायला हवा होता. ते म्हणाले, "आन् मी भोक पाडू द्यायला पायजे होतं."

साडेबारा वाजून गेल्यावर दार उघडलं. लाइन एकदाही गेली नव्हती. ताईंना वळणावर सासरे बसलेले दिसले, डालड्याच्या डब्यावर मेशचा डबा दिसला, भिंतीतून लोंबणारी वायर दिसली. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या वरच्या पायरीवर मटकन बसल्या आणि रडल्या. नानांनी गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, पण दोन तासांत पाय आखडले होते. मी हात दिला.

रविवारी सकाळी नानांचा फोन आला. ड्रिल घेऊन या, एवढंच म्हणाले. मी पोचलो तेव्हा भोक कुठे पाडायचं तिथे त्यांनी स्वतःच पेन्सिलने फुली मारून ठेवली होती, स्लॅबच्या कडेला, मंडपवाल्याच्या नजरेने, अगदी बरोबर जागी. केबल ओढली, दोन्ही डब्यांना छोटे यूपीएस जोडले, मग मेन स्विच पाडून सगळ्यांसमोर तपासलं. यूपीएसचे पैसे मी घेतले नाहीत. तो माझ्या खोडलेल्या ओळीचा दंड होता.

आता कुणी मला बजेटमधला मेश कोणता घ्यावा असं विचारलं, की मी आधी दोन प्रश्न विचारतो: लाइट गेल्यावर घरातले कोणते प्लग चालतात, आणि तुमच्याकडे येता-जाता बटणं कोण बंद करतं. डब्यांची नावं त्यानंतर. लोकांना वाटतं म्हातारा विषय टाळतोय.

मागच्या महिन्यात त्या घरी गेलो होतो. बल्ब परत होल्डरमध्ये आलाय, जिन्यातल्या दिव्याचा आता नेटशी काही संबंध नाही. दोन्ही बटणांवरची काळी पट्टी मात्र तशीच होती. मी काढायला गेलो तर नाना म्हणाले, "राहू द्या."