बाबांची वरची दोन बटणं

बहिणीच्या साखरपुड्यात तिचे होणारे चुलतसासरे माझ्या बाबांकडे बघून शेजाऱ्याला म्हणाले, "व्याही जरा मवालीच दिसतात. छाती उघडी टाकून बसलेत." बाबांनी ऐकलं नसावं, असं मला वाटलं.

बाबांची वरची दोन बटणं उघडी असतात, कारण ती लागतच नाहीत. तरुणपणभर कबड्डी खेळले, आजही डोक्यावर भाताचे भारे वाहतात. खांदे दाराएवढे, पोट पाठीला चिकटलेलं.

लग्नात तरी कुणी बोलू नये म्हणून त्यांना घेऊन मी शहापूरची दुकानं पालथी घातली. खांद्यात बसणारा शर्ट पोटावर घोंगडीसारखा लोंबायचा. पोटात बसणाऱ्याचं बटण छातीवर यायचं नाही. एक दुकानदार तर हसलाच. "काका, जरा पोट वाढवा! सगळ्यांना होतो, तुमालाच कसा नाय होत?"

सगळे म्हणजे कोण? बसून खाणाऱ्यांच्या मापाने कापड कापायचं, आणि राबणाऱ्याचं अंग त्यात मावलं नाही तर दोष अंगाला! आमच्या घरात पुस्तकांआधी मोर्च्यांची पत्रकं आली. त्यांत भाकरीची मागणी होती. अंगाला बसेल अशा शर्टाची मी कधी वाचली नाही.

"चल रे," बाबा म्हणाले, "मला काय नवरदेव व्हायचंय?"

घरी येऊन मी आईची ट्रंक उघडली. आत शर्टपीसची चवड, घडीही न मोडलेली.

"हे शिवले का नाहीत?"

"आहेराचं कापड पुढच्या आहेराला लागतं. आपल्याला रेडिमेड चालतंय."

"कुठं चालतंय? लागतंय का एक तरी बटण?" मी ओरडलो. मग आईनेच एक निळा तुकडा काढून माझ्या अंगावर फेकला. तो मुरबाडच्या शिंप्याने शिवला, बाबांच्या मापाने.

लग्नाच्या मांडवात तेच चुलतसासरे हात पसरून पुढे आले. "वा, व्याहीबुवा! आज कसे सायबासारखे दिसताय!"

तेच खांदे, तीच छाती. मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी त्यांच्याकडे बघत वरचं बटण काढलं. मग दुसरं.

"आमी असेच बसतो," ते म्हणाले. "या, जेवायला बसा."